आतड्यांची हालचाल बिघडल्यास प्रोबायोटिक्सचा उपयोग किती?

'डॉक्टर, पोट साफ होत नाही' म्हणत कळंब्यातील दवाखान्यात येणाऱ्या अनेकांनी आधीच मेडिकलमधून प्रोबायोटिक कॅप्सूल घेतलेल्या असतात. त्यांचा उपयोग होऊ शकतो. पण आजाराचे कारण शोधणे त्यामुळे टळत नाही.

हालचाल बिघडते म्हणजे काय?
आतड्यांचे स्नायू लाटेसारखे आकुंचन पावून अन्न पुढे ढकलतात. ही गती मंदावली की बद्धकोष्ठता आणि पोटफुगी होते, वाढली की जुलाब होतात. आयबीएसमध्ये दोन्ही त्रास आलटून पालटून होऊ शकतात. जुना मधुमेह, थायरॉईडची कमतरता, लोहाच्या किंवा काही वेदनाशामक गोळ्या यांमुळेही गती बिघडते.

प्रोबायोटिक्स काय करतात?
हे उपयुक्त जिवंत जिवाणू असतात. आतड्यातील जिवाणू तंतुमय पदार्थांपासून काही आम्ले तयार करतात आणि ती आतड्यांच्या हालचालीला चालना देतात. बायफिडोबॅक्टेरियम लॅक्टिसच्या काही प्रकारांनी बद्धकोष्ठतेत शौचाच्या वेळा थोड्या वाढल्याचे अभ्यासांत दिसले आहे. मात्र पुरावा मर्यादित आहे. 2021 च्या ब्रिटिश मार्गदर्शक सूचनांनी आयबीएससाठी 12 आठवड्यांपर्यंत वापरून पाहण्यास हरकत नाही असे म्हटले. त्याच वर्षीच्या अमेरिकन सूचनांनी मात्र ती सुचवली नाहीत.

कसे वापरावे?
● एका वेळी एकच उत्पादन घ्या. 12 आठवड्यांत फरक न पडल्यास बंद करा.
● सोबत अँटिबायोटिक चालू असल्यास दोन्हींत किती अंतर ठेवायचे, ते डॉक्टरांना विचारा.
● घरचे ताजे दही-ताक आहारात जरूर ठेवा, पण त्यातील जिवाणूंचा प्रकार व प्रमाण ठरलेले नसते. कढी उकळली की जिवाणू मरतात.
● भाकरी, उसळ, पालेभाज्या, पुरेसे पाणी आणि रोजचे चालणे सोडू नका.

कोणी स्वतःहून घेऊ नये?
केमोथेरपी चालू असलेले, प्रत्यारोपण झालेले, प्रतिकारशक्ती खूप कमी असलेले आणि गंभीर आजारी रुग्ण.

डॉक्टरांकडे कधी जावे?
शौचातून रक्त, विनाकारण वजन घटणे, रक्तक्षय, झोपेतून उठवणारे जुलाब, किंवा पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलणे, यांपैकी काहीही असल्यास कॅप्सूलचा परिणाम पाहत थांबू नका. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची सुरुवात अशीही होऊ शकते. पोट फुगून उलट्या होत असतील आणि वायूही सरत नसेल, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा.