फलंदाजाच्या वहीतले आकडे

बेसबॉलमध्ये फलंदाजाच्या प्रगतीची नोंद ठेवण्याची रीत क्रिकेटच्या धावफलकातून आली. इंग्लंडमधील एक्सेटर येथे १८२४ मध्ये जन्मलेला हेन्री चॅडविक लहान वयातच अमेरिकेत गेला आणि न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांसाठी क्रिकेटचे वृत्तान्त लिहू लागला. पुढे तो बेसबॉलकडे वळला, तेव्हा प्रत्येक खेळाडूचा हिशेब मांडण्याची सवयही सोबत घेऊन आला. सामन्याचा सारा तपशील एका तक्त्यात बसवणारा ‘बॉक्स स्कोअर’ त्याने रुजवला. तीन स्ट्राइक होऊन बाद झालेल्या फलंदाजापुढे ‘के’ लिहिण्याची खूणही त्याचीच; ‘स्ट्रक’ या इंग्रजी शब्दाचे ते शेवटचे अक्षर.

ही खूण शाळकरी मुलांच्या स्कोअरबुकात आजही दिसते. प्रत्येक खेळीसाठी एक चौकोन असतो आणि त्यात चार बेसची छोटी आकृती. मुलगा जसजसा पुढे सरकतो, तसतशी पेन्सिलची रेघ बेसपासून बेसपर्यंत ओढली जाते. धाव पूर्ण झाली की आकृती आतून भरतात. तिसरा स्ट्राइक बॅट न फिरवता नुसता पाहिला, तर ‘के’ उलटा लिहितात. एखाद्याच्या ओळीत उलटे ‘के’ वारंवार येऊ लागले, तर त्याची अडचण हातात नसून निर्णयात आहे, अशी शंका प्रशिक्षकाला यायला हवी. एवढी बोलकी नोंद कोणतीही सरासरी देत नाही.

तरीही सत्ता चालली ती सरासरीचीच. यशस्वी फटक्यांना खेळींच्या संख्येने भागण्याची पद्धत १८७०च्या दशकात रूढ झाली. वाईट चेंडू सोडून मिळालेला पहिला बेस चॅडविकच्या लेखी पिचरची, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याची, चूक होती, फलंदाजाचे कौशल्य नव्हे. १८८७ च्या एकाच हंगामात असे बेस फटक्यांत धरले गेले आणि लगेच तो नियम मोडीत निघाला. परिणामी चेंडू पारखण्याची कला कित्येक पिढ्या सरासरीच्या हिशेबाबाहेर राहिली. ब्रुकलिन डॉजर्सच्या ब्रँच रिकी यांनी १९४७ मध्ये अ‍ॅलन रॉथ या संख्याशास्त्रज्ञाला पूर्णवेळ नेमले. फलंदाज किती वेळा बेसवर पोहोचतो हे मोजण्याचा आग्रह या दोघांनी धरला. अधिकृत आकडेवारीत त्या मापाला जागा मिळायला मात्र १९८४ साल उजाडले.

मुलांच्या बेसबॉलला शिस्तबद्ध रूप मिळाले ते १९३९ मध्ये. पेनसिल्व्हेनियातील विल्यम्सपोर्ट येथे कार्ल स्टॉट्झ यांनी तीन संघांची लिटल लीग सुरू केली. ६ जूनचा पहिला सामना २३–८ असा सुटला. मुलांच्या पावलांना झेपावे म्हणून दोन बेसमधले अंतर मोठ्यांच्या ९० फुटांऐवजी ६० फूट ठेवले गेले. मैदान लहान झाले, पण मोजमाप मोठ्यांचेच राहिले. हंगामात एखाद्या मुलाला ५० खेळी मिळाल्या आणि त्याने १३ फटके साधले, तर सरासरी ०.२६० भरते, १५ साधले, तर ०.३००. चेंडू एखाद्या खड्ड्यावर दोनदा वेडावाकडा उसळला की सामान्य मुलगा चांगला फलंदाज ठरतो. इतक्या थोड्या खेळींवरून मुलाची पारख करणे हा सरळ अन्याय आहे.

शिकवण्याची साधने अधूनमधून येत राहिली. प्रिन्स्टनमधील गणितज्ञ चार्ल्स हिंटन याने १८९७ मध्ये बंदुकीच्या दारूवर चालणारे चेंडूफेकीचे यंत्र बनवले. फलंदाज त्याला घाबरत. मुलांच्या मैदानावर खरी रुळली ती साधी ‘टी’, म्हणजे चेंडू ठेवायची उभी दांडी. स्थिर चेंडूवर बॅट फिरवताना मुलाचे पाय, कंबर आणि मनगट निवांतपणे पाहता येतात.

नामवंत फलंदाज टेड विल्यम्स याच्या १९७० च्या पुस्तकाने नोंदीला चित्ररूप दिले. स्ट्राइकच्या टप्प्यात त्याने ७७ चेंडू मांडले आणि प्रत्येक जागी आपली सरासरी किती पडेल ते लिहिले: मध्यभागी ०.४००, खालच्या बाहेरच्या कोपऱ्यात ०.२३०. योग्य चेंडूची वाट पाहणे त्यामुळे डोळ्यांना दिसू लागले. बॅट किंचित वरच्या दिशेने जावी, असे त्याचे मत होते. चार्ली लाऊ हा प्रशिक्षक शरीराचा भार मागून पुढे नेण्यावर भर देई. मैदानोमैदानीच्या प्रशिक्षकांत या दोन मतांवरून वर्षानुवर्षे वाद रंगला. सॅन दिएगोच्या टोनी ग्विन याने १९८३ पासून आपल्या खेळी चित्रफितीवर पाहायला सुरुवात केली आणि पुढे फलंदाजीची आठ विजेतेपदे मिळवली.

२०१५ पासून मेजर लीग या व्यावसायिक स्पर्धेच्या सर्व मैदानांवर ‘स्टॅटकास्ट’ यंत्रणा चेंडू बॅटवरून किती वेगाने आणि किती कोनात सुटतो ते मोजू लागली. ही मापे मुलांच्या सरावापर्यंतही झिरपली; बॅटच्या मुठीला लावायचे सेन्सर आले. झेलबाद झालेला जोरदार फटकाही आता नोंदीत चांगला ठरू शकतो, हा मोठाच लाभ. मात्र वाढत्या वयात वेग उंचीबरोबर आपोआप वाढतो आणि बॅट बदलली की आकडाही बदलतो. बॅटची उसळी लाकडी बॅटच्या जवळ आणणारे नवे मानक २०१८ मध्ये लिटल लीगला लागू झाले, तेव्हा जुन्या बॅटने नोंदवलेले वेग नव्या नोंदींशी ताडून पाहण्याजोगे उरले नाहीत.