नियम ठरवणाऱ्या खात्याचीच मेजवानी: अमेरिकेतील जीएसए प्रकरण काय होते?

सरकारी कर्मचारी कामानिमित्त बाहेरगावी गेला, तर त्याने हॉटेलच्या खोलीसाठी जास्तीत जास्त किती पैसे द्यायचे? जेवणाचा भत्ता किती? अमेरिकेत केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी हे दर जनरल सर्व्हिसेस ॲडमिनिस्ट्रेशन म्हणजेच 'जीएसए' ही यंत्रणा ठरवते. सरकारी इमारती सांभाळणे आणि इतर खात्यांना स्वस्तात खरेदी करून देणे हेही तिचेच काम. थोडक्यात, काटकसर कशी करायची हे इतरांना सांगणारे हे खाते.

याच खात्याने २०१० मध्ये लास वेगासजवळ एक परिषद घेतली. ती इतकी महागात पडली की पुढे खात्याच्या प्रमुखांना पद सोडावे लागले.

परिषदेत नेमके काय झाले?

ऑक्टोबर २०१० मध्ये जीएसएच्या पश्चिम विभागांतील सुमारे ३०० कर्मचारी एका कॅसिनो-रिसॉर्टमध्ये जमले. उद्देश प्रशिक्षण आणि परस्पर ओळख हा होता. खात्याच्या महानिरीक्षकांनी, म्हणजे अंतर्गत तपास करणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्यांनी, नंतर हिशेब केला तेव्हा एकूण खर्च ८ लाख २२ हजार ७५१ डॉलर निघाला. तेव्हाच्या दराने ही रक्कम साडेतीन कोटी रुपयांहून अधिक होते. माणशी हिशेब केला, तर सुमारे २,७०० डॉलर.

काही ठळक नोंदी अशा:

• संघभावना वाढवण्यासाठी सायकली जोडण्याचा उपक्रम: ७५,००० डॉलर
• मखमली डबीतील स्मरणिका नाणी: ६,३२५ डॉलर
• मनातले ओळखणाऱ्या कलाकाराचा कार्यक्रम: ३,२०० डॉलर
• एका स्वागत समारंभातील सुशी: सुमारे ७,००० डॉलर
• सकाळचा नाश्ता: माणशी ४४ डॉलर

परिषदेआधीची तयारीही स्वस्त नव्हती. जागा पाहणे, नियोजनाच्या बैठका आणि रंगीत तालीम यांसाठी कर्मचारी वारंवार प्रवास करत राहिले. या पूर्वतयारीच्या प्रवास-मुक्कामावरच १ लाख डॉलरहून अधिक रक्कम गेली.

नियम नव्हते का?

नियम होते, आणि पुरेसे होते. या प्रकरणातून शिकण्यासारखे आहे ते हेच. बहुतेक खर्च नियमांच्या फटीतून वाट काढत झाला.

पहिले उदाहरण जेवणाचे. सरकारी पैशातून कर्मचाऱ्यांना मेजवानी देता येत नाही, पण गुणगौरवाचा कार्यक्रम असेल तर खाद्यपदार्थ देण्याची मुभा असते. म्हणून जेवणाच्या वेळी पुरस्कार वाटले गेले. त्यांतले काही निव्वळ गमतीचे होते. कागदावर 'पुरस्कार समारंभ' आला की बिल मंजूर होण्याचा रस्ता मोकळा!

दुसरे उदाहरण खोलीच्या भाड्याचे. हॉटेलने सरकारी मर्यादेतल्या दरात खोल्या द्याव्यात, यासाठी खानपानावर आणखी ४१,४८० डॉलर खर्च करण्याचे मान्य करण्यात आले. भाड्याच्या रकान्यात नियम पाळलेला दिसला. वाचलेले पैसे मात्र जेवणाच्या रकान्यातून हॉटेलला मिळाले.

कोणतीही एक नोंद सुटी पाहिली, तर ती फार मोठी वाटत नाही. तीन हजार डॉलर, सहा हजार डॉलर अशा रकमा मोठ्या खात्याच्या अंदाजपत्रकात सहज विरून जातात. सगळे कागद एकत्र ठेवून बेरीज केली, तेव्हाच चित्र स्पष्ट झाले.

प्रकरण बाहेर कसे आले?

सुरुवात बाहेरून झाली नाही. जीएसएच्याच उपप्रमुख सुसान ब्रिटा यांना खर्चाबद्दल शंका आली आणि त्यांनी महानिरीक्षक ब्रायन मिलर यांच्याकडे चौकशीची मागणी केली. प्राथमिक निष्कर्ष २०११ मध्येच वरिष्ठांपर्यंत पोहोचले होते. तरीही परिषदेचे आयोजन करणारे विभागीय आयुक्त जेफ नीली यांना त्यानंतर ९,००० डॉलरचा कामगिरी बोनस मिळाला.

अंतिम अहवाल २ एप्रिल २०१२ रोजी जाहीर झाला. त्याच दिवशी जीएसएच्या प्रमुख मार्था जॉन्सन यांनी राजीनामा दिला आणि दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांना काढून टाकले. काही दिवसांतच एका कर्मचाऱ्याने परिषदेच्या वेळी केलेला गाण्याचा व्हिडिओ सर्वत्र फिरू लागला. आपली कधीच चौकशी होणार नाही, अशी चेष्टा त्यात होती. अहवालातील आकड्यांपेक्षा हा व्हिडिओच अनेकांच्या लक्षात राहिला.

शिक्षा कोणाला झाली?

संसदीय समितीसमोर नीली यांनी उत्तरे देण्यास नकार दिला. स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा घटनात्मक हक्क त्यांनी वापरला. २०१५ मध्ये त्यांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि त्यांना तीन महिन्यांचा तुरुंगवास झाला. मात्र ही शिक्षा सुशी किंवा सायकलींसाठी नव्हती. वैयक्तिक खर्च सरकारी म्हणून दाखवल्याबद्दल ती होती. परिषदेवरची उधळपट्टी ही प्रामुख्याने प्रशासकीय चूक ठरली, फौजदारी गुन्हा नाही.

त्यानंतर काय बदलले?

मे २०१२ मध्ये व्हाइट हाउसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने सर्व खात्यांना नवे आदेश दिले. १ लाख डॉलरहून जास्त खर्चाच्या परिषदेला वरिष्ठ पातळीवरची मंजुरी आवश्यक झाली. ५ लाख डॉलरपुढच्या परिषदेवर बंदी आली. अपवाद करायचा तर खातेप्रमुखाने लेखी कारण द्यायचे. शिवाय १ लाखाहून महाग परिषदांची माहिती दरवर्षी संकेतस्थळावर टाकणे बंधनकारक झाले.

याची दुसरी बाजूही आहे. मंजुरीच्या लांबलेल्या प्रक्रियेमुळे सरकारी प्रयोगशाळांतील शास्त्रज्ञांचे वैज्ञानिक परिषदांना जाणे कमी झाले. एकत्र भेटणे हा संशोधनाचा भागच असतो. त्यामुळे प्रत्येक परिषद म्हणजे उधळपट्टी असे मानले, तर तोटा वेगळ्या ठिकाणी होतो.

भारतात काय स्थिती आहे?

आपल्याकडेही केंद्रीय अर्थ मंत्रालय वेळोवेळी काटकसरीचे आदेश काढते. ऑक्टोबर २०१४ च्या आदेशात सरकारी बैठका व परिषदा पंचतारांकित हॉटेलांत घेण्यास मनाई होती. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ नुसार प्रत्येक सरकारी यंत्रणेने आपले अंदाजपत्रक, प्रस्तावित खर्च आणि दिलेल्या रकमांचा तपशील स्वतःहून जाहीर करायचा असतो. तो सापडला नाही, तर कोणताही नागरिक अर्ज करून मागू शकतो.

अर्ज करताना काय मागावे, हे जीएसए प्रकरणातून कळते. फक्त एकूण आकडा मागून फारसे हाती लागत नाही. कार्यक्रमाचा उद्देश, उपस्थितांची संख्या, खोल्यांचे आणि खानपानाचे वेगवेगळे बिल, पूर्वतयारीचा प्रवासखर्च आणि हॉटेल निवडताना मागवलेली दरपत्रके, हे सगळे एकत्र मागावे. लास वेगासच्या परिषदेत भाड्याचा रकाना नियमात होता. गोम शेजारच्या रकान्यात होती.