तंबोऱ्यामागचे चेहरे

मंडळी, गाण्याचा इतिहास म्हटला की आपण ध्वनिमुद्रिका ऐकतो. आज मनवेलपाड्यात आपण फोटो पुढ्यात ठेवू या.

१९०२ साली हिंदुस्थानात ग्रामोफोनसाठी ध्वनिमुद्रण सुरू झालं. गवयाचा आवाज घरोघर गेला, चेहरा मात्र स्टुडिओत राहिला. जुन्या फोटोंत गवई पगडी घालून, तंबोरा धरून, तोंड मिटून बसलेला दिसतो. काचेची प्लेट मंद, हललं की चेहरा पुसट. म्हणजे गाणारा माणूस गाताना दिसतच नाही!

चालू मैफल टिपायला छोटा कॅमेरा आणि जलद फिल्म लागली. लायका १९२५ साली बाजारात आला, ३५ मिलिमीटरची ट्राय-एक्स फिल्म १९५४ साली. त्याच्या आदल्याच वर्षी पुण्यात भीमसेन जोशींच्या पुढाकाराने सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ महोत्सव सुरू झाला होता. भीमसेनजी सगळ्या देहाने गायचे. तो वर गेलेला हात पकडायचा तर फ्लॅश मारून चालत नाही, गाण्यात खडा पडतो. समेच्या किंचित आधी बोट दाबावं लागतं, आणि त्यासाठी ताल कळावा लागतो. सतीश पाकणीकरांनी सवाईत वर्षानुवर्षं टिपलेली प्रकाशचित्रं आपण पाहिली असतील. ते कॅमेऱ्याइतकंच कानाचं काम आहे, असं आम्हाला वाटतं.

पण आमचं लक्ष जातं ते मागच्या रांगेकडे. गंगूबाई हनगल सवाई गंधर्वांच्याच शिष्या. त्यांच्यामागे कन्या कृष्णा साथीला गायच्या. ध्वनिमुद्रणात तो आवाज आईच्या आवाजात मिसळतो. फोटोत दोघी वेगळ्या दिसतात. गुरूच्या पाठीशी बसून विद्या कशी घेतली जाते, याचा इतका उघड पुरावा दुसरा नाही. आणि छापताना कात्री लागते ती नेमकी तिथेच! एका कॉलमात मुख्य चेहरा बसवायचा, मग तंबोऱ्यावरची मुलगी गेली, तबलजीचा अर्धा खांदा गेला.

आता आपल्या घरांकडे येऊ. भजनी मंडळाचे, गणपतीतल्या गाण्याचे फोटो कपाटात असतील. पेटीवर कोण, पखवाजावर कोण, हे आज फक्त आजी-आजोबा सांगू शकतात. त्यांना शेजारी बसवून विचारा. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, कडेला, नावं आणि साल लिहा. बॉलपेन नको, त्याचा वळ पुढे उमटतो. सुरुवात मागच्या रांगेपासून करा. पुढच्याचं नाव सगळ्यांना माहीत असतं.