क्लॅम्पची वर्षे

स्मरणिकेसाठी सोसायटीच्या इतिहासावर लिहा, असा संपादक मंडळाचा निरोप आला. भूमिपूजन, नोंदणी, पहिली कमिटी आणि गणपतीचा पहिला मांडव हे विषय इतरांनी आधीच वाटून घेतले होते. म्हणून मी पाण्याचे पाइप घेतले. मी आठ वर्षं खजिनदार होतो, त्यामुळे प्लंबिंगचं जवळजवळ प्रत्येक व्हाउचर माझ्या हातून गेलं आहे. शिवाय आपल्याकडे पार्किंगवरून जेवढी भांडणं झाली, त्याहून जास्त गळतीवरून झाली. जुन्या सभासदांना हे सांगायला नको!

आपली इमारत सात मजली आणि मूळचे पाइप जीआयचे, म्हणजे लोखंडावर जस्ताचा थर दिलेले. तेव्हा बांधकामात सर्रास तेच असायचे. जस्त झिजलं की लोखंड आतून गंजू लागतं. बाहेरून रंग दिलेला पाइप मात्र ठणठणीत दिसतो. पहिलं पाणी बहुधा जोडाजवळ झिरपतं, कारण आटे पाडताना पाइपाची जाडी तिथेच कमी होते आणि जस्तही तिथेच कापलं जातं.

सुरुवातीला सायकलच्या ट्यूबची पट्टी आणि वरून तार, असा उपाय चाले. मग एम-सील आलं. नंतर एकदा मिस्त्रीने प्लास्टिकचा क्लॅम्प आणला. दोन अर्धगोल, आत रबराचं पॅकिंग, बाजूला नट-बोल्ट. पाइप कापायचा नाही, टाकी रिकामी करायची नाही, पाच मिनिटांत काम फत्ते. कमिटी खूश झाली आणि पुढची काही वर्षं डक्टमध्ये क्लॅम्पच क्लॅम्प दिसू लागले.

पुण्यात राहून नळाबद्दल लिहायचं आणि कात्रजचं नाव घ्यायचं नाही, हे बरं दिसत नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचं पाणी शहरात आणलं ते बंदिस्त नळातून, उताराच्या जोरावर. हवा आणि दाब मोकळा व्हावा म्हणून वाटेत उच्छ्वास बांधले. पाण्याला फार कोंडायचं नाही, असा तो हिशेब. आपला प्रकार बरोबर उलटा. पाणी पंपाने गच्चीवर चढवायचं आणि मग तो सगळा भार खालच्या पाइपाने सोसायचा. पाण्याच्या दर १० मीटर उंचीमागे दाब साधारण १ किलो प्रति चौरस सेंटीमीटर वाढतो. म्हणजे सातव्या मजल्यावर दाब जेमतेम आणि तळमजल्यावर २ किलोच्या आसपास.

आपल्या भांडणाचं मूळ इथेच होतं. वरच्या मजल्यांवरचे क्लॅम्प वर्षानुवर्षं टिकले. खालचे पावसाळा संपायच्या आत पुन्हा ठिबकायचे. सभेत वरची मंडळी म्हणायची, "आमचा क्लॅम्प बघा की, कसा घट्ट आहे! मिस्त्री तुमच्याकडे नीट काम करत नाही." मिस्त्री बिचारा दोन्हीकडे एकच हात चालवत होता.

क्लॅम्पचा दोष तरी किती म्हणावा? सरळ, धडधाकट पाइपाला एखादं बारीक छिद्र पडलं असेल, तर तो चांगलं काम करतो. पण प्लास्टिक सततच्या ताणाखाली हळूहळू सैल पडतं. पुन्हा आवळावं तर बोल्टाजवळचे कान तडकतात. डक्टच्या उन्हाच्या बाजूचे क्लॅम्प तर दोन-तीन उन्हाळ्यांत पापडासारखे झाले. गंजाने खडबडीत झालेल्या पाइपावर रबर नीट बसत नाही. सॉकेट किंवा एल्बोवर क्लॅम्प बसतच नाही, आणि आपली गळती नेमकी तिथली. पंपाच्या चढत्या लाइनचं दुखणं आणखी वेगळं. पंप बंद झाला की पाणी उलटा धक्का देतं आणि आज आवळलेला क्लॅम्प तिथे उद्या ओला. सगळ्यात वाईट म्हणजे क्लॅम्पखाली गंज थांबत नाही. एक भोक झाकलं की वीतभर अंतरावर दुसरं.

बँकेत आम्ही असले प्रकार पाहिले आहेत. थकलेल्या कर्जदाराला नवं कर्ज द्यायचं, त्यातून जुना हप्ता भरून घ्यायचा आणि खातं नियमित दाखवायचं. आपल्या ताळेबंदात 'किरकोळ दुरुस्ती' या नावाखाली हेच चाललं होतं.

याची झळ लागली ती बी विंगच्या तळमजल्यावरच्या काकूंना. काका गेल्यानंतर त्या एकट्याच राहत. स्वयंपाकघराच्या भिंतीला बाराही महिने ओल आणि ओट्याखाली बुरशी. उपविधींप्रमाणे घरातल्या मोरी-सिंकच्या पाइपांची गळती सभासदाने निस्तरायची आणि बाहेरच्या सामायिक पाइपाची सोसायटीने. पण डक्टमध्ये क्लॅम्प कोरडा दिसला की आम्हा कमिटीवाल्यांतले काही जण म्हणत, ओल काकूंच्या मोरीची असणार. काकूंनी मोरी फोडून नवी केली. ओल तशीच राहिली. त्या वर्षीच्या वार्षिक सभेत त्या उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "मोरीचे पैसे नका देऊ. पाइप तेवढा उघडून बघा."

दुसऱ्याच आठवड्यात चार क्लॅम्प काढले. एकाखालचा पाइप मिस्त्रीच्या पान्ह्याचा धक्का लागताच तुटून हातात आला. आत गंजाचा थर इतका, की पाणी जायला करंगळीएवढी वाट उरलेली.

मग प्रश्न पैशाचा. दुरुस्ती-देखभाल निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के जमवावा, असं आदर्श उपविधी सांगतात. आपण सिंकिंग फंड जमवला होता, दुरुस्ती निधी मात्र 'वर्गणी वाढते' म्हणून कमी ठेवला होता. बाकीची रक्कम सहा हप्त्यांत गोळा केली. सातव्या मजल्यावरच्या दोघांनी शेवटपर्यंत कुरकुर केली, पण पैसे भरले. सगळ्या उभ्या लाइन प्लास्टिकच्या नव्या पाइपांच्या झाल्या. काकूंच्या मोरीचा खर्च पुढच्या सभेत मंजूर झाला. त्यांनी तो चेक बरेच दिवस भरलाच नव्हता, शेवटी मीच स्लिप भरून दिली.

काढलेल्या क्लॅम्पपैकी चांगले तीन ऑफिसच्या कपाटात, खालच्या कप्प्यात ठेवले आहेत. एखाद्या रविवारी कुठे गळती लागली आणि मिस्त्री सोमवारी येणार असला, तर कपाटाची चावी वॉचमनकडे आहे. वापरलात तर शेजारच्या वहीत तारीख लिहा.