द्राक्षाच्या पेटीवरचा आकडा

नाशिकला वाइनची राजधानी म्हणायची हल्ली पद्धत पडली आहे. मला मात्र आमच्या जिल्ह्याच्या द्राक्षांचा खरा इतिहास निर्यातीच्या पेटीवर छापलेल्या एका आकड्यात दिसतो. मी आयुष्यभर मुलांना इतिहास शिकवला. त्या सनावळ्यांत राजे आले, तह आले, पण संगणकाची प्रणाली कधी आली नाही. निफाड-दिंडोरीच्या बागायतदाराच्या आयुष्यावर मात्र एखाद्या तहाइतकाच परिणाम या आकड्याने केला. म्हणून हा लेखनप्रपंच.

थोडे मागे जाऊ. १९९१ मध्ये द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी मिळून 'महाग्रेप्स' उभी केली. तेव्हाचे आव्हान थंडाव्याचे होते. तोडलेला माल काही तासांत थंड करायचा आणि जहाजाने युरोपात ताजा पोचवायचा. ते साधले. पुढचे संकट मात्र डोळ्यांना न दिसणारे निघाले. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये आपल्या द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले. माल कोणत्या बागेतला, हे नेमके सांगण्याची सोय नव्हती. सुक्याबरोबर ओलेही जळते म्हणतात, तशी बदनामी सगळ्यांचीच झाली.

यावर केंद्र सरकारच्या 'अपेडा' या संस्थेने २००६ मध्ये 'ग्रेपनेट' ही प्रणाली आणली. रीत अशी की, निर्यात करणाऱ्याने आपली बाग कृषी खात्याकडे नोंदवायची आणि तिला क्रमांक मिळवायचा. प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊन नमुना नेणार, निकाल थेट संगणकावर चढणार. नापास बागेच्या मालाला फेरतपासणीत पास होईपर्यंत पुढचा दाखला नाही. तिकडे युरोपात पेटीत दोष निघाला, तर आकड्यावरून इकडची बाग सापडणार! शेतीमालाची अशी नोंद आपल्या देशात नवीनच होती.

गंमत पाहा. 'अमक्याच्या बागेतला माल' एवढी ओळख जिथे पुरत होती, तिथे आता फवारणीची वही आली. शाळेत गृहपाठाची वही कधी पुरी न करणारे माझे विद्यार्थी तारीख, औषध आणि प्रमाण बिनचूक लिहू लागले. मास्तरांना जे जमले नाही, ते युरोपच्या गिऱ्हाइकाने करून दाखवले.

पण २०१० साल उजाडले. युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडले. वेलीची नुसती वाढ रोखून घड जास्त यावेत म्हणून वापरतात ते हे संजीवक. माल नाकारला गेला, निर्यातदार कर्जात बुडाले आणि बागायतदारांचे पैसे अडकले. वास्तविक हा माल आपल्याकडे रीतसर तपासून पास झालेला होता. मग झाले काय? तपासायच्या रसायनांच्या यादीत हे नावच नव्हते.

मला वाटते, या साऱ्या इतिहासाचा धडा इथेच आहे. संगणकाने चूक केली नव्हती; जे विचारले, त्याचे उत्तर त्याने दिले होते. हे संजीवक कोणी चोरूनही वापरत नव्हते, बागांमध्ये ते सर्रास चालत होते. बागेतल्या माणसाला वापर माहीत होता, युरोपला मर्यादा माहीत होती आणि यादी करणारे तिसरीकडेच बसले होते. या तिघांची गाठ पडली नाही. किंमत मोजली ती मात्र वही नीट लिहिणाऱ्याने.

पुढे ते नाव यादीत आले आणि निर्यातही सावरली. त्याच सुमारास मोहाडीला 'सह्याद्री फार्म्स' ही शेतकऱ्यांचीच कंपनी उभी राहू लागली. ग्रेपनेटच्या धर्तीवर 'हॉर्टिनेट'मध्ये आंबा, डाळिंब आणि भाजीपालाही आला. २०२१ पासून तर आपला शेतकरी पिकाची नोंद स्वतःच्या मोबाइलवरून करतो आहे. आता कृत्रिम बुद्धिमत्ता बागेचा सल्ला देणार, असे ऐकतो. येऊ द्या, माझा विरोध नाही. हजेरीपटावर नसलेल्या मुलाची गैरहजेरी कोणत्याच मास्तराला लागत नाही, एवढे मी शाळेत शिकलो आहे. तेव्हा नवे यंत्र आले की माझा प्रश्न एकच असतो : त्याची यादी कोण करते, आणि ती करताना बागेतल्या माणसाला कोणी विचारले का?