ऑल्गा टेलिस खटला: निकाल शेवटपर्यंत का वाचायचा?

‘कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो: ऑल्गा टेलिस, 1985.’ गाईडमधलं एवढं वाक्य पाठ करून आपण पुढं जातो. पण फुटपाथवरच्या त्या माणसांना निकालातून काय मिळालं?

जुलै 1981 मध्ये, ऐन पावसाळ्यात, मुख्यमंत्री अंतुले यांनी मुंबईतल्या फुटपाथवासीयांना हटवून मूळ गावी धाडायचं जाहीर केलं. पत्रकार ऑल्गा टेलिस आणि काही फुटपाथवासी सुप्रीम कोर्टात गेले. युक्तिवाद साधा होता: काम जवळ म्हणून झोपडी तिथं, झोपडी गेली की कामही गेलं. पोटासाठी गाव सोडणारी माणसं पाहिलेल्या आपल्या हिंगोलीकरांना हे वेगळं समजवायला नको.

10 जुलै 1985 ला सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं हा मुद्दा मान्य केला. पण 1888 च्या पालिका कायद्यातलं, विनानोटीस अतिक्रमण काढू देणारं कलम 314 सुद्धा वैध ठरवलं. एरवी लोकांचं म्हणणं आधी ऐकायला हवं; पण ते आता आम्हीच ऐकलं, असं कोर्टानं म्हटलं. पावसाळा संपल्यावर एक महिन्यापर्यंत, म्हणजे 31 ऑक्टोबरपर्यंत, तेवढी मुदत मिळाली. 1976 च्या गणनेचं ओळखपत्र असणाऱ्यांना पर्यायी जागा द्यायला सांगितली.

म्हणून निकाल वाचताना वहीत दोन रकाने करा: कोर्टानं तत्त्व कोणतं मानलं, आणि आदेश काय दिला. इतिहास लिहायचा तर दुसरा रकाना रिकामा ठेवून चालत नाही.