दारामागची दुनळी : अटलांटा ते बोगालुसा

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा लढा आपल्याकडे एका वाक्यात उरकला जातो : मार्टिन ल्युथर किंग यांनी गांधींकडून अहिंसा घेतली आणि हक्क मिळवले. वस्तीवर हल्ला झाला की हेच वाक्य आपल्याला शांततेचा डोस म्हणून पाजले जाते. त्या वाक्यात न बसणारी एक वस्तू मात्र कोणी दाखवत नाही. ती म्हणजे कृष्णवर्णीयांच्या घरात दारामागे उभी केलेली शॉटगन. खुद्द किंग यांच्या माँटगोमेरीतल्या घरावर 30 जानेवारी 1956 रोजी बॉम्ब टाकला गेला, तेव्हा त्यांनी शस्त्र परवान्यासाठी अर्ज केला होता. तो फेटाळला गेला.

या बंदुकीची गोष्ट आम्ही डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्यापासून सुरू करतो. 1946 मध्ये बाबासाहेबांनी पत्र लिहिले ते याच ड्यू बॉइस यांना. संयुक्त राष्ट्रसंघाकडे कृष्णवर्णीयांनी केलेल्या अर्जाच्या प्रती बाबासाहेबांना हव्या होत्या. त्याच्या चाळीस वर्षे आधी, सप्टेंबर 1906 मध्ये, ड्यू बॉइस अटलांटा विद्यापीठात प्राध्यापक होते. राज्यात गव्हर्नरपदाची निवडणूक गाजली होती आणि वर्तमानपत्रे गोऱ्या बायकांवर हल्ले झाल्याच्या बातम्या रोज भडकवून छापत होती. 22 तारखेच्या रात्री जमाव रस्त्यावर उतरला. ट्राममधून ओढून माणसे मारली गेली. किमान पंचवीस कृष्णवर्णीय मेले.

ड्यू बॉइस तेव्हा अलाबामात संशोधनासाठी गेले होते. बायको आणि लहान मुलगी विद्यापीठाच्या आवारात. ते मिळेल त्या गाडीने परतले आणि त्यांनी विंचेस्टरची दुनळी शॉटगन व जाड छर्ऱ्यांची दोन डझन काडतुसे विकत घेतली. आयुष्यात पाखरूही न मारलेला हा समाजशास्त्रज्ञ पायऱ्यांवर बंदूक घेऊन राखणीला बसला. जमाव आत आला असता तर आपण बिनदिक्कत बार टाकला असता, हे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले. जमाव तिकडे फिरकला नाही.

त्यांनी शॉटगनच का निवडली? दक्षिणेतल्या शेतकऱ्यांकडे शिकारीसाठी आणि पिकाच्या राखणीसाठी ती सर्रास असे, स्वस्तही असे. रायफलची गोळी शेकडो यार्ड जाते. दुनळीचे छर्रे अंगणापुरते. अंधारात, घाबरलेल्या हातांनी, जवळून रोखायची तर ती बरी. पण दोन बार झाले की बंदूक मोडून पुन्हा भरावी लागते. म्हणजे शेकडोंच्या जमावापुढे एकटा माणूस आणि दोन काडतुसे. हे गणित नीट बघितले की पुढचा सगळा इतिहास कळतो : शेजारी किती उभे राहतात, यावर सगळे अवलंबून होते.

अटलांटाजवळच्या ब्राउन्सव्हिल वस्तीत शेजारी उभे राहिले. 24 तारखेला लोक हत्यारे घेऊन जमले, तर सरकारने काय करावे? पोलीस वस्तीतच घुसले. गोळीबारात एक पोलीस मेला. मग अडीचशेहून अधिक कृष्णवर्णीयांना अटक झाली, घरे झडती घेऊन हत्यारे काढून घेतली गेली. ही रीत जुनी होती. गुलामगिरी संपली त्याच वर्षी, 1865 मध्ये, मिसिसिपीने कायदा केला की मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयाने परवान्याशिवाय बंदूक बाळगायची नाही. परवाना देणार कोण, हे सांगायला नको.

1925 चे डेट्रॉइटचे प्रकरण याहून बोचरे आहे. डॉक्टर ओसियन स्वीट यांनी गोऱ्यांच्या वस्तीत घर विकत घेतले आणि सोबत शॉटगन, रायफली, पिस्तुले नेली. दुसऱ्याच रात्री, 9 सप्टेंबरला, शेकडोंनी घर घेरले. पोलीस समोर उभे होते आणि दगड पडत होते. वरच्या मजल्यावरून गोळ्या सुटल्या, रस्त्यावरचा एक गोरा मेला. घरातल्या अकराही जणांवर खुनाचा खटला भरला गेला. एन.ए.ए.सी.पी. संघटनेने पैसा उभा केला, क्लॅरेन्स डॅरो हा नामांकित वकील दिला. पहिल्या ज्यूरीचे एकमत झाले नाही. मे 1926 मध्ये दुसऱ्या ज्यूरीने, तीही सगळी गोऱ्यांची, डॉक्टरांचा भाऊ हेन्री याला निर्दोष सोडले. स्वसंरक्षणाचा हक्क कृष्णवर्णीयालाही आहे हे असे कोर्टात पदरात पडले. पण डॉक्टरांची मुलगी आणि बायको काही वर्षांतच क्षयाने गेल्या. 1960 मध्ये डॉक्टरांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. बंदुकीच्या गप्पा मारताना आपल्यातल्या तरुणांनी हाही भाग वाचावा.

बोगालुसा मात्र वेगळे घडले. लुइझियानातले हे कागद गिरणीचे गाव क्लॅनच्या मुठीत होते. फेब्रुवारी 1965 मध्ये गिरणी कामगार रॉबर्ट हिक्स यांच्या घरी चळवळीचे दोन गोरे कार्यकर्ते मुक्कामाला होते. जमाव येतोय, त्यांना गावाबाहेर घालवा, असे पोलीसप्रमुखाने सांगितले. हिक्स यांनी नकार दिला आणि फोन फिरवले. थोड्या वेळात शेजारीपाजारी बंदुका घेऊन घरात हजर! जमाव आला नाही. त्याच महिन्यात 'डिकन्स फॉर डिफेन्स' या संघटनेची तिथे शाखा निघाली. त्यात लष्करातून परतलेले अनेक होते. पहिली गोळी आपली नाही, हा नियम. पहारे वाटून घेतलेले. आणि त्याच वेळी कोर्टात दावाही चालू. जुलै 1965 मध्ये संघराज्याच्या न्यायाधीशाने पोलिसांनाच आदेश दिला की निदर्शकांचे रक्षण करा.

1972 साली आपल्या पँथरने नाव घेतले ते ओकलंडच्या पँथर्सचे. काळी जाकिटे आणि हातातली शॉटगन हे पोस्टर आपल्या खोल्यांमध्ये आजही दिसते. आमच्या मते त्या पोस्टरपेक्षा हिक्स यांच्या घरातला फोन जास्त शिकवतो.

इथे उत्साही वाचक विचारतील, मग आपण काय करायचे? विनापरवाना कट्टा ठेवणे म्हणजे ब्राउन्सव्हिलसारखी झडती स्वतःहून बोलावणे. आपल्या हातात जे लेखी आहे ते बघा. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली 1995 मध्ये नियम झाले. त्यातला नियम 3 सांगतो की अत्याचारप्रवण भागात शासनाने गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे शस्त्र परवाने रद्द करावेत, बेकायदा बंदुका जप्त कराव्यात आणि गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना परवाने द्यावेत. होय, हे सरकारच्याच नियमात छापलेले आहे. वस्तीवर दगड पडले की आपण एफ.आय.आर.साठी भांडतो, ते बरोबरच आहे. त्याच दिवशी जिल्हाधिकाऱ्यांकडे नियम 3 खाली दुसरा अर्जही द्यावा : गावातल्या परवानाधारकांची यादी मागावी, त्यांच्या बंदुका जमा करून घ्यायला सांगावे, पोहोच घ्यावी. नकार मिळाला तर तो लेखी मागावा. डॅरोला कोर्टात उभे राहायला कागद लागले होते, आपल्या वकिलालाही लागतील.